आधी मेकॅनिक, शेवटी गाडी: ठाण्यात जुनी एक्झिक्युटिव्ह सेदान सांभाळताना

एकेकाळी वीस लाखांच्या पुढे किंमत असलेली गाडी आज दोन-तीन लाखांत मिळते. जाहिरातीतले फोटो पाहिले की हात शिवशिवतात. लेदरच्या सीट, मागे पाय पसरून बसता येईल एवढी जागा, सहा सिलिंडरचं इंजिन. मी चार वर्षांपूर्वी अशीच एक गाडी घेतली: निसान टिएना, २०१०चं मॉडेल, अडीच लिटरचं व्ही-६ पेट्रोल. राहतो पाचपाखाडीत, काम तुर्भ्याला. आईचे गुडघे दुखतात. या गाडीत पुढच्या डाव्या सीटला पोटऱ्यांखाली उचलून येणारा आधार आहे. रत्नागिरीपर्यंतचा प्रवास आई त्यावर पाय ठेवून झोपून करते, आणि माझ्यासाठी गाडी घेण्याचं निम्मं कारण तेवढंच होतं.

या चार वर्षांत ओळखीतल्या सात-आठ जणांनी विचारलं, "आम्हीही अशी घेऊ का?" कुणाला अकॉर्ड हवी होती, कुणाला जुनी सुपर्ब, कुणाला कॅमरी. त्या सगळ्यांना जे सांगितलं ते इथे लिहितोय. पहिलं वाक्य सगळ्यांना सारखंच सांगतो: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुम्ही अडीच लाख मोजले असतील, पण हेडलाइट फुटला की तो वीस लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो. म्हणून खरेदीचा नेहमीचा क्रम उलटा करा. आधी मेकॅनिक शोधा, मग पार्किंग मोजा, मग कागद तपासा आणि गाडी सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: माणूस शोधा

ठाण्यात गॅरेजांना तोटा नाही. वागळे इस्टेटमध्ये एकेका गल्लीत चार सापडतील, नवी मुंबईत तुर्भे-पावण्याच्या एमआयडीसीत तशीच. पण यातली बहुतेक गॅरेज स्विफ्ट, क्रेटा, इनोव्हावर चालतात, आणि त्यात काही चूक नाही. रोज येणाऱ्या गाडीवरच हात बसतो. तुम्हाला असा माणूस हवा ज्याने तुम्ही घेणार त्या गाडीचा, निदान त्या कंपनीच्या मोठ्या गाडीचा, गिअरबॉक्स उघडलेला आहे.

त्याच्याकडे गाडी घेण्याआधी जा. रिकाम्या हाताने जायला संकोच वाटत असेल तर घरच्या छोट्या गाडीची सर्व्हिसिंग त्याच्याकडे करून घ्या आणि करता करता बोला. मी तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या दोघांनी "आणा, करून टाकू" असं म्हटलं. तिसऱ्याने काम थांबवून विचारलं, "दादा, सीव्हीटीचं तेल कुठून आणणार ते आधी सांगा." सीव्हीटी म्हणजे या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी तिथेच थांबलो. जो आधी प्रश्न विचारतो, त्याला पुढची अडचण दिसलेली असते.

त्याच भेटीत तीन गोष्टी ठरवून घ्या. गाडी बघायला तो सोबत येईल का आणि त्याचे किती घेईल. पार्ट तुम्ही आणून दिले तर तो लावेल का, कारण काही गॅरेजवाले स्वतःचेच पार्ट लावतात आणि दुर्मीळ गाडीत ते चालत नाही. आणि पार्ट येईपर्यंत गाडी महिनाभर उघडून पडली तर त्याच्याकडे जागा आहे का. हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. जागा नसलेला माणूस घाईघाईत लोकल पार्ट ठोकून गाडी बाहेर काढतो.

दुसरी पायरी: टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

टिएनाची लांबी ४,८५० मिलिमीटर, रुंदी १,७९५. वजन दीड टनाच्या आसपास. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये पझल किंवा स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली ठेवणारं पार्किंग, असेल तर यंत्राच्या खांबावर एक पाटी असते, तिच्यावर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा. सुरक्षारक्षकाचं "साहेब, बसेल" यावर विसंबू नका, कारण गाडी बसली तरी डाव्या बाजूचं दार उघडायला जागा उरत नाही. पोडियमला जाणाऱ्या रॅम्पचा माथाही बघा. पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या गाडीचं पोट तिथे घासतं. चार माणसं बसली की हमखास.

वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतींत प्रश्न वेगळा आहे. गाडी रस्त्यावरच लागते, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि कचऱ्याची गाडी मधून जाते. आरसा आणि बंपरचा कोपरा तिथे टिकत नाही. अशा ठिकाणी राहत असाल तर सोसायटीत हक्काची जागा मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

तिसरी पायरी: कागद

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच अडकतात.

आरसीवर नोंदणीची मुदत बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. अर्ज फॉर्म २५चा, आणि तो मुदत संपण्याआधी करायचा असतो. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. आज २०१०-११ची गाडी स्वस्तात मिळते त्याचं मोठं कारण हेच: विकणाऱ्याला हा हेलपाटा नको असतो.

आता ज्याकडे लक्ष जात नाही ती गोष्ट. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या साध्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. आयात केलेल्या चारचाकीसाठी तीच फी ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे आकडे दुप्पट झाले, म्हणजे १०,००० आणि ८०,०००. आता बघा, सुपर्ब आणि पासाट औरंगाबादला जुळवल्या जायच्या, अकॉर्ड ग्रेटर नोएडाला. कॅमरी आधी तयार यायची, २०१२ पासून बिदडीला जुळवायला लागले. टिएना मात्र जपानहून पूर्ण तयार यायची. बाहेरून सगळ्या एकाच पंगतीतल्या दिसतात, पण आरसीवर 'आयात' अशी नोंद असेल तर दर पाच वर्षांनी येणारा खर्च आठपट आहे. चासी नंबर 'जे' अक्षराने सुरू होत असेल तर गाडी जपानची. तेवढं दिसलं की आरसीवरची आणि परिवहनच्या पोर्टलवरची नोंद नीट वाचा आणि ही रक्कम किमतीतून कमी करून मागा. मी तशी मागितली आणि मालकाने निम्मी सोडली.

मुदत संपून गेलेली गाडी असेल तर उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपये, तोही जमेला धरा.

मग बाकीचं. गाडीवर कर्ज होतं का, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. नंबरावरून गाडी कुठल्या आरटीओची ते ओळखा: एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. राज्यातल्या राज्यात बदली सोपी असते. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बरीच वर्षं टांगती तलवार होती. पण फॉर्म २८ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एजंटच्या फेऱ्या धरल्या की तो स्वस्तपणा उरत नाही. शिवाय तिकडची गाडी तुम्ही बघायला जाणार कशी आणि मेकॅनिकला नेणार कसे?

ई-चलन थकली असतील तर टोकन देण्याआधी मालकाकडून भरून घ्या. एचएसआरपी नंबर प्लेट लागलेली आहे का तेही बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती नंतर लावून घ्यायची आहे, आणि ती नसेल तर आरटीओच्या खिडकीवर काम अडतं.

चौथी पायरी: गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात ते गरम झाल्यावर लपतात. टिएनाचं व्हीक्यू जातीचं इंजिन निसानच्या अभिमानाचं. अमेरिकेतल्या 'वॉर्ड्स' या वाहनविषयक नियतकालिकाच्या दहा उत्तम इंजिनांच्या यादीत हे घराणं १९९५ ते २००८ सलग १४ वर्षं होतं. त्यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे लाखभर किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण तेल वेळेवर बदललं नसेल तर चेनचे ताणणारे भाग झिजतात आणि थंड सुरुवातीला पुढच्या बाजूने खडखड किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. तो आला तर तिथूनच परत फिरा. ही दुरुस्ती गाडीच्या किमतीला भिडते.

गिअरबॉक्स ही खरी परीक्षा. सीव्हीटीमध्ये गिअरचे दाते नसतात. दोन शंकूच्या पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा, आणि प्रत्येक पुलीचे दोन अर्धे भाग जवळ-लांब होऊन गती बदलते. ते सगळं तेलाच्या दाबावर चालतं, त्यामुळे तेल जुनं झालं किंवा तापलं की पट्टा घसरायला लागतो. माझी परीक्षा अशी होती: पाम बीच रोडला ४० ते ६० किलोमीटरच्या वेगात पाय अगदी हलका ठेवून गाडी चालवली. थरथर जाणवली तर वाईट. मग उपवनहून येऊरचा चढ. चढावर इंजिनचा आवाज चढत गेला आणि वेग मात्र तसाच राहिला, तर पट्टा घसरतोय. शेवटी गायमुखच्या बाजूला, खड्ड्यांच्या रस्त्यावर काच खाली करून हळू चालवली. सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप, तिथे आपणहून बोलतात. पंधरा वर्षांच्या गाडीत रबर गेलेलं असणारच, त्यासाठी गाडी नाकारू नका. खर्च धरा.

या चाचणीत मेकॅनिक मागच्या सीटवर बसलेला असू द्या, पुढे नाही. मागच्या सस्पेन्शनचे आवाज पुढे ऐकू येत नाहीत.

मीटर मागे घेतलेला आहे का हे ओळखायला जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे जुळवा. पावत्या नसतील तर ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची उजवी कड आणि स्टिअरिंगचं लेदर बघा. साठ हजार चाललेल्या गाडीत पेडल गुळगुळीत होत नाही. सोबत एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर न्या, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो. जुन्या कोडची नोंद कुणी नुकतीच पुसली असेल तर तेही त्यात कळतं, कारण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दिसतात.

गालिचा उचलून खाली हात फिरवा. ओल किंवा मातीचा वास आला तर गाडीत कधीतरी पाणी शिरलं होतं. जुलै २००५ नंतर मुंबई-ठाण्यात ही तपासणी कुणाला शिकवावी लागत नाही, तरी गाडी आवडली की माणूस विसरतो. खाडीकाठच्या इमारतींत उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या खालच्या पत्र्याला आणि ब्रेकच्या पाइपांना गंज लागतो, तिथे टॉर्च मारा.

आणि एअरबॅग. २००० ते २०१४ या काळातल्या बऱ्याच जपानी गाड्यांत टाकाटा कंपनीचे इन्फ्लेटर होते. उष्णता आणि दमट हवेने त्यातलं रसायन बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. आपली हवा नेमकी तशीच आहे. कोणतीही गाडी घेताना चासी नंबर देऊन कंपनीकडे रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलून द्यायचं काम, राहिलेलं आहे का ते विचारा. काम फुकट होतं.

पहिले तीन महिने

गाडी घरी आली की लगेच लांब फिरायला नेऊ नका. आधी सगळे द्रव बदला: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सीव्हीटीचं तेल. या शेवटच्या बाबतीत हट्टी व्हा. टिएनाच्या मॅन्युअलमध्ये एनएस-२ जातीचं तेल लिहिलेलं आहे, आणि साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, त्यात चालत नाही. एका गॅरेजात मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात मुलगा एटीएफचा डबा घेऊन आला होता. "सगळ्या ऑटोमॅटिकला हेच टाकतो," म्हणाला. अजून ओतलं नव्हतं, एवढंच नशीब. त्या दिवसापासून मी तेलाचे डबे स्वतः नेतो आणि झाकण माझ्यासमोर फोडायला लावतो.

स्पार्क प्लगबद्दल एक खास गोष्ट. हे इंजिन आडवं बसवलेलं आहे, त्यामुळे पुढचे तीन प्लग वरून दिसतात आणि मागचे तीन इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या, खाली जातात. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणून एकदा तो काढलात की सहाही प्लग, मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि झिरपत असेल तर मागच्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट एकत्रच करा. मजुरी एकदाच लागते. "पुढचे तीनच बदलू, मागचे ठीक आहेत" असं कुणी म्हणालं तर समजा की त्याला मॅनिफोल्ड उघडायचा नाही.

याच तीन महिन्यांत घरातली दुसरी सोय मोडू नका. जुनी स्कूटर विकू नका, ट्रान्स-हार्बरचा पास चालू ठेवा. ही गाडी अधूनमधून उभी राहणार, आणि ऑफिसला पोचायची घाई असेल तर तुम्ही गॅरेजवाल्याला घाई कराल. घाईत चुकीचा पार्ट बसतो.

पार्ट मिळवायची विद्या

यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं आणि खरं सांगायचं तर मला यातच सगळ्यात जास्त रस वाटतो.

पहिल्या वर्षी लोअर आर्म हवा होता. दुकानदाराला "टिएनाचा, २०१०" एवढंच सांगितलं. पैसे आगाऊ दिले. पाच आठवड्यांनी पार्ट आला तो आधीच्या पिढीचा. परत घ्यायला कुणी तयार नाही. चूक माझी होती: नाव सांगितलं, नंबर सांगितला नाही. टिएनाच्या आपल्याकडे आलेल्या पिढ्यांना जे३१ आणि जे३२ म्हणतात, नाव एकच आणि पार्ट वेगळे.

निसानचा पार्ट नंबर पाच आणि पाच अशा दहा अक्षरांचा असतो. पहिले पाच आकडे तो भाग कोणता ते सांगतात: १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर, १६५४६ एअर फिल्टर, २७२७७ एसीचा केबिन फिल्टर, २२४०१ स्पार्क प्लग, ५४६१८ लिंक रॉड, ५४५०० उजवा लोअर आर्म आणि ५४५०१ डावा. पुढची पाच अक्षरं तो कोणत्या गाडीसाठी आहे ते ठरवतात. चासी नंबर टाकून कंपनीच्या कॅटलॉगमधून पूर्ण नंबर काढायचा, मग तो घेऊन बाजारात जायचं. स्कोडा, होंडा, टोयोटा, प्रत्येकाची नंबरांची रीत वेगळी, पण शिस्त हीच. मी एका वहीत सगळे नंबर लिहून ठेवलेत, ती वही गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असते.

नंबर हातात आला की तीन वाटा. एक, अधिकृत सर्व्हिस सेंटर: देखभाल, फिल्टर, ब्रेक पॅड यांसाठी आधी तिथेच विचारा, कधीकधी लोकांना वाटतं त्यापेक्षा स्वस्त पडतं. दोन, ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअर पार्टची जुनी दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. कुर्ल्यात मोडीत निघालेल्या गाड्यांचे आरसे, दाराच्या मोटरी, काचा, मागचे दिवे मिळतात. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांचा कोणताही जुना भाग घेऊ नका, कितीही नवा दिसला तरी. तीन, परदेश. जे३२ टिएना थायलंड आणि मलेशियात उजव्या स्टिअरिंगची विकली गेली. ऑस्ट्रेलियात तर तीच गाडी मॅक्सिमा नावाने होती. इंटरनेटवर फक्त 'टिएना' शोधलंत तर अर्धा बाजार दिसत नाही. हेडलाइट, डॅशबोर्ड, वायपर, स्टिअरिंगची सामग्री उजव्या स्टिअरिंगच्या देशातूनच घ्या. रशिया किंवा चीनमधला हेडलाइट बसेल, पण त्याचा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. सेन्सर, बुश, इंजिन माउंट कुठूनही आले तरी चालतात. कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशेब करा, आणि एका खेपेत चार-पाच गोष्टी मागवा.

काही भाग तुटण्याआधीच घेऊन ठेवावेत: एक इग्निशन कॉइल, लिंक रॉडची जोडी, ऑइल फिल्टर, रेडिएटरच्या वरचा होज. माळ्यावर एक छोटा खोका पुरतो. आमच्याकडे तो दिवाळीच्या कंदिलाशेजारी आहे आणि बाबांनी त्याला हात लावायला सगळ्यांना मनाई केली आहे.

पावसाळा, उंदीर आणि पेट्रोल

मे संपायच्या आत दोन कामं करा. वायपरच्या खालच्या खोबणीतली सुकी पानं काढा, आणि सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या साफ करून घ्या. त्या तुंबल्या की पाणी छतातून खाली उतरतं आणि गालिच्याखालच्या वायरिंगवर साठतं. मोठ्या गाड्यांत तिथे बरीच इलेक्ट्रॉनिक सामग्री असते.

पाणी साचलेल्या रस्त्यात शिरू नका. ठाण्यात वंदना डेपोच्या परिसरात, नवी मुंबईत रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांत दर वर्षी कुणीतरी अडकतं. इंजिनने हवेसोबत पाणी ओढलं की पिस्टन पाण्यावर आपटतो, कारण पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. कितीही मोह झाला तरी नाही. ढकला, टो करा, प्लग काढून पाणी बाहेर काढा. बंद पडल्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा दुरुस्त होतं, पुन्हा मारलेल्या स्टार्टने होणारं नाही.

उभ्या गाडीत उंदीर शिरतात. वायरचं वेष्टन कुरतडलं की या गाड्यांत दोष शोधायला दिवस जातात. तंबाखूची पानं, कापूर, फवारे, सगळं करून पाहिलं. खरा उपयोग झाला तो दोन गोष्टींचा: दर दोन दिवसांनी गाडी हलवणं आणि खालून बारीक जाळी बसवणं.

पेट्रोलबद्दल. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०१०ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. मला शहरात सहा-सात, एक्स्प्रेसवेवर दहा-अकरा मिळतं. जास्त काळजी रबराची: इंधनाचे होज आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर तशीच ठेवू नका. चालवा आणि भरा.

विमा

१,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२च्या दरांप्रमाणे ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. तो सक्तीचाच. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना आयडीव्हीकडे, म्हणजे विमा कंपनीने धरलेल्या गाडीच्या किमतीकडे, लक्ष द्या. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही अडीच लाख असेल तर ही रेषा १,८७,५०० रुपयांवर येते. मोठ्या गाडीचा बंपर, हेडलाइट, बॉनेट आणि रेडिएटर एकत्र गेले की तेवढं बिल सहज होतं. म्हणजे कापूरबावडीला मागून धक्का बसून पुढच्या गाडीवर आदळलेली, चालू स्थितीतली गाडी कागदावर भंगार ठरू शकते. जास्तीत जास्त आयडीव्ही मागा, गाडीचे फोटो आणि अलीकडच्या कामाच्या पावत्या देऊन मागा.

रोज चालवताना

सकाळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा, सीव्हीटीचं तेल तापू द्या. माजिवड्याच्या कोंडीत पुढची गाडी दोन फूट सरकली की लगेच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच जा. सारखं सारखं रांगल्याने गिअरबॉक्स तापतो. कोंडीत तापमानाच्या काट्याकडे बघायची सवय लावा, आणि एसी लावून उभं असताना पुढचे दोन्ही पंखे फिरतात का हे महिन्यातून एकदा स्वतः बॉनेट उघडून बघा.

खंडाळ्याचा घाट चढताना ही गाडी काय आहे ते कळतं. मागे तीन माणसं, डिकी भरलेली, तरी पाय थोडाच दाबावा लागतो आणि इंजिनचा आवाज लांबून आल्यासारखा येतो.

गाडी कधी सोडायची हेही घेतानाच ठरवून ठेवा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी आहेत: खालच्या मुख्य सांगाड्याला आरपार गंज, किंवा गिअरबॉक्स गेला आणि भरवशाचा दुसरा सहा महिन्यांत मिळाला नाही. यातलं काहीही झालं तर गाडी उभी ठेवून सडू द्यायची नाही. पार्ट शोधणाऱ्या दुसऱ्या टिएनावाल्याला आख्खी द्यायची, वहीसकट.